चार लाख किलोमीटरांचा कासरा

आठवड्याचा बाजार उरकून रात्री गावी परतणाऱ्या बैलगाडीत ज्यांनी कधीकाळी अंग टाकले असेल, त्यांना ही गोष्ट नव्याने सांगायला नको. वाट निम्मी सरली की गाडीवानाची मान डुलू लागते, हातातला कासरा सैल पडतो, आणि थोड्याच वेळात गाडीत जागे असे कोणी उरत नाही. तरी गाडी चालतच असते. बैलांना वाट पाठ असते. चाकोरी सोडून ते इकडे-तिकडे जात नाहीत. पण ओढा आला आणि पाणी नेहमीपेक्षा चढलेले दिसले, की बैल थबकतात. गाडी थांबताच गाडीवान दचकून जागा होतो, कंदील उंच धरतो, पाण्याचा अदमास घेतो आणि बैलांना हाक देतो. मग गाडी पुढे निघते आणि तो पुन्हा आडवा होतो.

चालकाविना धावणारी मोटार ही आजच्या जगाची मोठी नवलाई आहे. अमेरिकेतील काही शहरांत पैसे भरून अशा मोटारीत बसता येते, आणि पुढच्या आसनावर कोणीही नसते. परंतु या मोटारीच्या पूर्वजांचा इतिहास चाळू लागलो, की ती बैलगाडी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येते. यंत्राला वाट पाठ करून देणे माणसाला हळूहळू साधत गेले. ओढ्यापाशी जागे कोण होणार, आणि तो गाडीपासून किती लांब असणार, हा प्रश्न मात्र सव्वाशे वर्षे झाली तरी सुटलेला नाही. त्या प्रश्नाचीच ही हकिकत आहे.

*

सुरुवात एका खेळण्यासारख्या नावेपासून करू. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या यंत्रांचे प्रदर्शन भरले होते. तेथे निकोला टेस्ला या संशोधकाने पाण्याच्या मोठ्या टाकीत एक लहानशी नाव सोडली. नावेला दोर नव्हता, तार नव्हती, आत माणूस नव्हता. टेस्ला टाकीबाहेर उभा राहून बिनतारी लहरींनी तिला वळवी, थांबवी, तिचे दिवे लावी. टेस्लाला नाटकाचीही हौस होती. प्रेक्षकांनी नावेलाच प्रश्न विचारावेत असे तो सुचवी. कोणी चौसष्टचे घनमूळ विचारले, तर नावेवरचा दिवा चार वेळा लुकलुके! बघे थक्क होत. दिवा लुकलुकवणारा हात टेस्लाचा आहे, हे गर्दीतल्या थोड्यांच्याच ध्यानात येई. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला या शोधाचे पेटंट मिळाले.

या प्रसंगातली एक गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी. नाव विचार करते असे लोकांना वाटत होते, आणि विचार करणारा माणूस चार पावलांवर उभा होता. पुढच्या इतिहासात तो माणूस दूर दूर जात राहिला, पण नाहीसा झाला नाही.

सत्तावीस वर्षांनी, १९२५ मध्ये, त्याच न्यूयॉर्क शहरात फ्रान्सिस हुदिना नावाच्या अभियंत्याने भर रहदारीत एक मोटार सोडली. सुकाणूवर कोणी नाही, वर बिनताऱ्याची तार उभारलेली, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीत बसलेला माणूस लहरींच्या द्वारे तिला हाकतो आहे, असा तो थाट होता. ब्रॉडवेवरून आणि फिफ्थ ॲव्हेन्यूवरून ती वाकडी-तिकडी चालली, आणि अखेर छायाचित्रकारांनी भरलेल्या एका मोटारीवर जाऊन आदळली. या प्रकरणाला एक विनोदी शेपूटही आहे. प्रख्यात जादूगार हुदिनी याला वाटले की ही मंडळी आपल्या नावाचा फायदा उठवीत आहेत. तो तणतणत कंपनीच्या कचेरीत गेला आणि तेथे सामानाची मोडतोड करण्यापर्यंत मजल गेली! पण विनोद सोडला तर या अपघाताने एक गोष्ट लख्ख दाखवली. लांबून हाकणाऱ्याला गाडीचा धक्का, कल, आवाज यांतले काहीच जाणवत नाही. फक्त डोळ्यांवर गाडी हाकणे फार अवघड आहे.

*

आणि डोळ्यांना दिसणारेच शिळे असेल तर?

हा प्रश्न १९६० च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स ॲडम्स या विद्यार्थ्याने हाती घेतला. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. तेथल्या गाडीने पाठवलेले चित्र पृथ्वीवर यायला सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि आपला हुकूम तेथे पोहोचायला पुन्हा तेवढाच. म्हणजे खड्डा दिसला आणि ‘थांब’ म्हटले, तरी ते गाडीला ऐकू जाईपर्यंत अडीच सेकंद उलटलेले असतात. ॲडम्सने सायकलीची चाके लावलेला एक गाडा तयार केला, त्यावर दूरचित्रवाणीचा कॅमेरा बसवला आणि चित्र व हुकूम यांत मुद्दाम तेवढाच विलंब घातला. निष्कर्ष निराशाजनक निघाला. ताशी सुमारे ०.३ किलोमीटरहून अधिक वेगाने गेल्यास त्या गाड्यावर भरवशाचा ताबा राहत नसे. रांगते मूलही याहून भरभर जाते!

याच स्टॅनफर्डमध्ये पुढे हान्स मोराव्हेक यांनी अशाच गाड्याला स्वतः पाहायला शिकवण्याचा ध्यास घेतला. १९७९ साली खुर्च्या मांडलेली एक खोली त्या गाड्याने माणसाच्या मदतीवाचून ओलांडली. त्याला सुमारे पाच तास लागले. मीटरभर सरकायचे आणि दहा-पंधरा मिनिटे विचार करीत उभे राहायचे, अशी त्याची चाल होती. पण तोवर खऱ्या चंद्रावर खरी गाडी चालून गेली होती, आणि ती हाकणारे सारथी क्रिमियात बसले होते.

*

१७ नोव्हेंबर १९७० रोजी सोव्हिएत रशियाचे लूना-१७ हे यान चंद्रावरच्या ‘मारे इंब्रियम’ या विस्तीर्ण मैदानावर उतरले. त्याच्या उतरणीवरून एक विचित्र गाडी खाली आली. आठ चाकांवर ठेवलेली नहाणाची मोठी टाकी आणि तिला बिजागरीने जोडलेले झाकण, असे तिचे रूप होते. नाव लुनोखोद, म्हणजे चंद्रावर चालणारा. वजन ७५६ किलो. चाके लेनिनग्राडच्या अलेक्झांडर केमुर्जियान यांच्या संस्थेने घडवलेली. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर. एखादे चाक अडकलेच, तर लहानशा स्फोटाने त्याचा दांडा तोडून ते मोकळे फिरू द्यायचे, अशीही सोय होती. मागे एक नववे हलके चाक फरफटत असे; गाडी खरोखर किती चालली, हे त्यावरून मोजले जाई. झाकणाच्या आतल्या बाजूला सूर्यप्रकाशापासून वीज करणारे पत्रे होते. चंद्रावर चौदा दिवस ऊन आणि चौदा दिवस रात्र. दिवसा झाकण उघडून वीज साठवायची, रात्री ते मिटून पोलोनियमच्या उबेवर झोपायचे. बाहेर तेव्हा शून्याखाली दीडशे अंशांच्या आसपास थंडी असे.

या गाडीचे सारथी सिम्फेरोपोल शहराजवळच्या केंद्रात बसत. सारथी हा शब्द अनेकवचनीच वापरला पाहिजे, कारण एक गाडी हाकायला पाच माणसे लागत: नायक, चालक, दिशादर्शक, अभियंता आणि अँटेना सांभाळणारा. चालकाच्या हाती पुढे-मागे-डावीकडे-उजवीकडे ढकलण्याचा दांडा असे. दिशादर्शक नकाशावर जागा मांडी. अभियंता विजेवर आणि तापमानावर नजर ठेवी. अँटेनावाल्याचे काम ऐकायला किरकोळ वाटते, पण त्याच्यावाचून सारा खेळ अंधारात गेला असता. गाडीवरचा लहानसा अँटेना नेमका पृथ्वीकडे रोखलेला असावा लागे. गाडी वळली की तोही फिरवावा लागे, नाहीतर चित्र गेलेच. या चौघांचे ऐकून नायक निर्णय घेई. अशा पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या होत्या आणि त्या आळीपाळीने बसत. निकोलाय येरेमेन्को आणि इगोर फ्योदोरोव हे नायक, गब्दुलखाय लातिपोव आणि व्याचेस्लाव दोव्गान हे चालक. चंद्रावर गाडी हाकणारी ही पहिली माणसे. पण त्यांची नावे कित्येक वर्षे जगाला कळू दिली गेली नाहीत.

त्यांना दिसत होते तरी काय? आपण घरी पाहतो तसे हलते चित्र नव्हतेच. एक स्थिर चित्र येई, आणि दुसऱ्याची वाट पाहावी लागे. कधी तीन सेकंद, कधी वीस सेकंद. कॅमेरे जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंचीवर होते. उकिडवे बसून माळरान न्याहाळावे तसे ते दृश्य. समोरच्या चित्रात जो दगड दहा पावलांवर दिसे, तो प्रत्यक्षात किती जवळ आला असेल याचा हिशेब चालकाने मनात करायचा. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे सावल्या काळ्याकुट्ट पडतात. सावलीत खड्डा आहे की नुसती सावली, हे ओळखता येत नसे. आणि सूर्य डोक्यावर आला की सावल्याच नाहीशा होत. मग खड्डा आणि सपाटी एकसारखीच दिसे. म्हणून चंद्रावरच्या भर दुपारी गाडी उभी करून ठेवत.

अशा स्थितीत माणसांनी यंत्राशी एक करार केला होता, असेच म्हणावे लागेल. गाडीत कल ओळखणारी साधने बसवली होती. ती धोक्याइतकी कलली, की पृथ्वीच्या हुकमाची वाट न पाहता आपण होऊन थांबे. ओढ्यापाशी थबकणारा बैल तो हाच! वाट माणसांनी दाखवायची. पण जीव वाचवण्याच्या क्षणी अडीच सेकंदांचीही सवड नसते, म्हणून थांबण्याचा हक्क यंत्राकडे. ही वाटणी इतकी शहाणपणाची ठरली, की तीन महिने टिकेल अशा अपेक्षेने पाठवलेली ही गाडी ऑक्टोबर १९७१ पर्यंत मोहिमेच्या पटावर राहिली. तेवढ्या काळात ती साडेदहा किलोमीटर चालली आणि तिने वीस हजारांहून अधिक चित्रे पाठवली.

त्या दहा महिन्यांतले दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. जानेवारी १९७१ मध्ये ती बरीच भटकून पुन्हा आपल्या उतरणीच्या यानापाशी परतली. वाट हरवली नाही, हे सिद्ध झाले. आणि ८ मार्चला, महिला दिनी, सारथ्यांनी चंद्राच्या धुळीत चाकांनी आठाचा आकडा रेखला. दिवाळीच्या पहाटे अंगणात रांगोळी घालणाऱ्या हातांना त्या माणसांच्या मनाचा हा कोपरा चटकन ओळखू येईल. लाखो किलोमीटरांवरून रेखलेली ती रांगोळीच होती, आणि तेथे ती पुसायला वारा नाही.

*

दुसरा लुनोखोद जानेवारी १९७३ मध्ये उतरला. सारथी तेच होते, आता सरावलेले. शिवाय त्यांच्या मागणीवरून एक कॅमेरा अधिक उंच, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीच्या जवळपास बसवला होता. उंचावरून पाहायला मिळताच हात मोकळा झाला. पहिल्याने दहा महिन्यांत साडेदहा किलोमीटर काटले होते. दुसऱ्याने चार महिन्यांत सुमारे एकोणचाळीस.

आणि मग मे महिन्यात घात झाला. गाडी एका लहान विवरात शिरली. तेथून वळताना उघडे झाकण विवराच्या कडेला घासले आणि विजेच्या पत्र्यांवर धूळ पडली. वीज कमी झाली, पण गाडी जिवंत होती. चंद्रावर रात्र आली. नेहमीप्रमाणे झाकण मिटण्याचा हुकूम गेला. झाकण मिटले, आणि त्यावरची धूळ खाली, गाडीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पृष्ठभागावर सांडली. पुन्हा ऊन आले तेव्हा गाडीला श्वास टाकायला जागा उरली नव्हती. आतले तापमान चढत गेले, आणि जूनच्या आरंभी मोहीम संपल्याचे जाहीर झाले.

या अपघातात कोणी आळस केला नव्हता. झाकण कडेला टेकले आहे, हे गाडीला जाणवत नव्हते, आणि पृथ्वीवरच्यांना दिसत नव्हते. जे दोघांपैकी कोणालाच कळले नाही, त्यानेच गाडी गेली. लांबून हाकण्याच्या साऱ्या शास्त्रातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

पुढे मंगळाची पाळी आली. तेथे निरोप पोहोचायलाच तीन ते बावीस मिनिटे लागतात. दांडा हाती धरून हाकण्याचा प्रश्नच नाही. म्हणून दिवसभराचे काम एकदम सांगून ठेवायचे आणि वाटेतले दगड गाडीने स्वतः चुकवायचे, अशी रीत पडली. आपल्या ‘प्रज्ञान’ची गोष्ट वाचकांच्या स्मरणात असेलच. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरले, आणि चारच दिवसांनी या सव्वीस किलोच्या गाडीपुढे, तीन मीटरांवर, चार मीटर रुंदीचे विवर आले. तिला आल्या वाटेने मागे फिरण्याचा हुकूम गेला आणि ती सुखरूप दुसऱ्या वाटेला लागली. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या विवराची आठवण ज्यांना असेल, त्यांना या छोट्या बातमीत मोठा दिलासा वाटला असेल.

*

चंद्रावर एक सुख असते: रस्त्यात माणसे नसतात.

पृथ्वीवरच्या गाड्यांचे तसे नाही, आणि म्हणून गेल्या काही वर्षांचा इतिहास अधिक गंभीर आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेंपी गावी उबर कंपनीच्या चाचणीच्या मोटारीने, सायकल ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना धडक दिली आणि त्या दगावल्या. चौकशीत निघाले ते असे. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्राने त्यांना टिपले होते. पण हे वाहन, ही दुसरी काही वस्तू, ही सायकल, असे ते आपले मत बदलत राहिले. संकटकाळी आपोआप ब्रेक लावण्याची सोय यंत्र चालवीत असताना बंद ठेवलेली होती, कारण त्या वेळी सुकाणूशी बसलेला माणूस गाडी सावरील असा भरवसा होता. आणि सुकाणूशी बसलेली व्यक्ती फोनवर पाहत होती.

तो दोष होताच. पण ज्या गाडीला तासन् तास आपली गरज पडत नाही, तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे कोणाला किती वेळ जमेल? लुनोखोदच्या तुकड्या आळीपाळीने बदलत, प्रत्येकाच्या हाती सतत काम असे. येथे एकाच माणसाला काहीही न करता जागे राहण्याचे काम दिले होते. पुढे कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. शिक्षा झाली ती त्या आसनावरच्या व्यक्तीला.

दुसरा प्रसंग २ ऑक्टोबर २०२३ चा, सॅन फ्रॅन्सिस्कोतला. माणूस हाकीत असलेल्या एका मोटारीने एका बाईंना उडवले, आणि त्या क्रूझ कंपनीच्या चालकविरहित मोटारीपुढे येऊन पडल्या. मोटारीने ब्रेक लावला, पण धडक टळली नाही. ती थांबली. तेवढ्यावर राहिली असती तर! परंतु अपघातानंतर कडेला जाऊन उभे राहावे, असे तिला शिकवलेले होते. खाली माणूस आहे हे तिला कळलेच नाही, आणि तिने त्या बाईंना सुमारे वीस फूट फरफटत नेले. त्या वाचल्या, पण जबर जखमी होऊन. बैल असते तर जागचे हलले नसते. महिना उलटण्याआधीच सरकारने त्या गाड्यांचा परवाना थांबवला, आणि पुढच्या वर्षाअखेर मालक कंपनीने हा उद्योगच सोडून दिला.

आज ज्या गाड्या अशा रस्त्यांवर धावतात, त्यांच्या पाठीशी दूरच्या कचेरीत माणसे बसलेली असतात. वेमो कंपनीची रीत पाहा. रस्ता खणलेला आहे, समोर उलटसुलट खुणा आहेत, अशा पेचात सापडली की गाडी प्रश्न पाठवते: ही वाट बंद आहे का? दूरचा माणूस तिच्याच कॅमेऱ्यांतून पाहतो आणि उत्तर देतो, फार तर वाट सुचवतो. सुकाणू मात्र गाडीकडेच राहते. ॲडम्सच्या गाड्याने साठ वर्षांपूर्वी शिकवलेला धडाच येथे पाळला आहे: शिळे चित्र पाहून चाक फिरवू नये, मसलत द्यावी.

परंतु मसलतीलाही माणसे लागतात. २० डिसेंबर २०२५ रोजी सॅन फ्रॅन्सिस्कोत मोठ्या भागाची वीज गेली आणि चौकाचौकांतले सिग्नल विझले. गाड्यांनी एकाच वेळी दूरच्या माणसांकडे विचारणा सुरू केली, आणि त्या गर्दीत अनेक गाड्या चौकांत जागच्या जागी उभ्या राहिल्या. एका ओढ्याला शंभर गाड्या लागल्या आणि गाडीवान मोजके, अशी गत झाली. जर्मनीने २०२१ च्या कायद्यात अशा गाडीवर देखरेख करणारी एक माणूसरूपी व्यक्ती असलीच पाहिजे, असे लिहून ठेवले आहे. यंत्राच्या युगातील कायद्याला ‘माणूस पाहिजे’ हे शब्दांत मांडावे लागते, यातच सारे आले.

*

दुसरा लुनोखोद अजून चंद्रावर आहे. १९९३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात तो ६८,५०० डॉलरना विकलाही गेला. मालकाला तो घरी आणता आलेला नाही, एवढेच. त्याच्या चाकोऱ्या आज चंद्राभोवती फिरणाऱ्या कॅमेऱ्यांना दिसतात. परक्या भूमीवर सर्वांत लांब चाललेली गाडी हा त्याचा मान एकेचाळीस वर्षे टिकला. २०१४ साली मंगळावरच्या अमेरिकन ‘ऑपर्च्युनिटी’ने तो मोडला, तेव्हा तिच्या सारथ्यांनी वाटेतल्या वीस फुटी विवराला ‘लुनोखोद-२’ हे नाव दिले. ज्या विवराने जुन्या गाडीचा घास घेतला, तशाच एका विवराला तिचे नाव. एका गाडीवानाने दुसऱ्याला केलेला हा रामराम आहे.

कासरा लांबत गेला: टाकीच्या काठापासून मागच्या मोटारीपर्यंत, क्रिमियापासून चंद्रापर्यंत, आणि आता शहरातल्या चौकापासून कोणत्याशा कचेरीपर्यंत. दुसऱ्या टोकाला कोणी नाही, असे आपल्याला वाटू लागले की टेस्लाच्या टाकीभोवतीच्या बघ्यांसारखी आपली फसगत होते. तेथे कोणीतरी असतोच. त्याला पुरती झोप मिळाली आहे ना, त्याच्या वाट्याला किती गाड्या आल्या आहेत, आणि त्याच्या हातचा कंदील ओढ्याच्या पाण्यापर्यंत पोहोचतो की नाही, एवढे विचारूनच गाडीत बसावे.